गावकीच्या वह्या रद्दीत जाऊ नयेत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घराण्यांचे कुळवृत्तान्त आणि वंशावळी यांविषयी आपल्या दैनिकात आलेला मजकूर मी आवडीने वाचला. ज्या घरांत इनामाच्या सनदा आहेत, वतनाचे कागद आहेत किंवा वाडवडिलांनी वर्गणी काढून छापलेला कुळवृत्तान्त आहे, त्यांना पूर्वजांचा शोध घेणे आता बरेच सोपे झाले आहे, हे त्यावरून लक्षात येते. परंतु ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या बहुसंख्य मराठी कुटुंबांचे पूर्वज सनदा बाळगणारे नव्हते. ते गिरणीत साचे चालवणारे, गोदीत माल उतरवणारे, मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहणारे, तुर्भ्याच्या खाणीत दगड फोडणारे आणि चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे लोक होते. त्यांचा माग कसा काढायचा आणि ज्या कागदांवरून तो निघू शकतो ते आपल्या डोळ्यांदेखत कसे नाहीसे होत आहेत, याविषयी थोडे लिहावे म्हणून हे पत्र.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबई बंदरमार्गे मॉरिशसला गिरमिटावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मजुरीच्या करारावर, गेलेल्या मजुराचा शोध त्याच्या पणतूला आज घेता येतो. तिथे उतरलेल्या गिरमिटियाला क्रमांक दिला जाई आणि त्याचे नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव व जहाज यांची नोंद वहीत होई. पुढे पुढे छायाचित्रही काढले जाऊ लागले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हे दप्तर जपून ठेवले आहे, आणि ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली त्या आप्रवासी घाटाला २००६मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याच मजुराचा एखादा भाऊबंद समुद्र ओलांडण्याऐवजी मुंबईला उतरून परळच्या गिरणीत लागला असेल, तर त्याची अशी नोंद कुठेही सापडत नाही. मॉरिशसची नोंद माणुसकीपोटी झाली होती असे मुळीच नव्हे. मजुराच्या प्रवासाचा खर्च केलेला असे, तो कामातून वसूल करायचा असे, म्हणून माणसाचा हिशेब हवा असे. मुंबईच्या गिरणीमालकाला तशी गरजच पडली नाही, कारण माणूस आणणे, कामाला लावणे आणि काढून टाकणे हे सगळे जॉबरच्या हाती होते. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला माणूस आणी, आणि बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहून आज कोणाचा खाडा आहे का याची वाट पाही. ज्याला काम मिळाले नाही, त्याचे त्या दिवशी कागदावर अस्तित्वच नव्हते.

हजेरीपटावर नाव असलेच, तर तेही अर्धेमुर्धे असते. ‘गणपत राघू’ असे नाव दिसते. पहिले स्वतःचे, दुसरे वडिलांचे, आणि आडनावाची जागा मोकळी. गावच्या शाळेत एक आडनाव, गिरणीत गावाच्या नावाला ‘कर’ लावून दुसरे, आणि रेशनकार्डावर तिसरेच, असे एकाच माणसाच्या बाबतीत घडलेले मी माझ्याच घरी पाहिले आहे. त्यामुळे कष्टकरी पूर्वजाला आडनावाने शोधायला गेलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो. नाव, वडिलांचे नाव, गाव आणि वाडी या चार गोष्टी धरून शोध घेतला तर काही हाती लागण्याची शक्यता असते, आणि गिरणीचा तिकीट नंबर माहीत असेल तर काम आणखी सोपे होते.

माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला आले. ते कधी आले हे घरात कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. ते ठाऊक झाले आजीच्या पत्र्याच्या पेटीत सापडलेल्या मनीऑर्डरच्या कुपनांवरून. ज्या वाचकांनी मनीऑर्डर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक लहान कुपन असे. पैसे देताना पोस्टमन ते फाडून घेणाऱ्याच्या हाती देई. पाठवणाऱ्याचा पत्ता, रक्कम आणि चार ओळींचा मजकूर एवढेच त्यावर मावत असे. बाकीचा फॉर्म टपालखात्याकडे जाई आणि कुपन घरात राही. टपालखात्याने ही जुनी मनीऑर्डर २०१५मध्ये बंद केली. आमच्या पेटीतली कुपने आजीने एका दोऱ्यात ओवून ठेवली होती. मजकूर बहुतेक कुपनांवर सारखाच आहे: पैसे पाठवले आहेत, मिळाल्याचे कळवावे, म्हातारीच्या औषधाला त्यातून खर्च करावा, बैलाचे काय झाले ते लिहावे. अक्षर मात्र बदलत राहते, कारण आजोबांना लिहिता येत नव्हते आणि खोलीतला जो शिकलेला असेल त्याच्याकडून ते लिहून घेत. पाठवणाऱ्याचा पत्ता लक्ष देऊन वाचला तर आजोबांनी खोल्या कधी बदलल्या, डिलाईल रोडवरून ते भायखळ्याकडे कधी गेले आणि पुन्हा मागे कधी आले, हे सलग कळते. पावसाळ्याच्या सुरुवातीला रक्कम वाढते, बियाण्याच्या आणि मजुरीच्या खर्चासाठी. एका वर्षी काही महिने कुपनेच नाहीत. आजारपण असेल, काम सुटले असेल, काय असेल ते असो. पण ती रिकामी जागासुद्धा आम्हाला काही सांगते.

याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे गावकीची वही. मुंबईत कोकणातल्या आणि घाटावरच्या अनेक गावांच्या खोल्या होत्या; काही लोक त्यांना गाळा म्हणत. एका गावचे चाकरमानी मिळून खोली भाड्याने घेत, दरमहा वर्गणी भरत, रात्रपाळीचे दिवसा झोपत आणि दिवसपाळीचे रात्री. या खोलीचा कारभार पाहायला मंडळ असे आणि मंडळाची वही असे. आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाच्या काही वह्या अजून शिल्लक आहेत. कापडी पाठीच्या जाड वहीत डाव्या बाजूला सभासदाचे नाव आणि वाडी, पुढे महिन्यांचे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात वर्गणीची रक्कम. ज्या महिन्यात माणूस मुंबईत नसे, त्या रकान्यात फक्त ‘गावी’ असे लिहिलेले. शिमग्याला ‘गावी’, लावणीला ‘गावी’, कोणाच्या लग्नाच्या वर्षी दोन महिने ‘गावी’. एखाद्या नावापुढे ‘वारले, वर्गणी बंद’ अशी नोंद आणि मागच्या पानांवर त्यांच्या बायकामुलांना बोटीचे भाडे मंडळाने द्यावे असा ठराव. कोणी दारू पिऊन खोलीत भांडण केले म्हणून दंड, कोणी उधारी बुडवली म्हणून ताकीद, आणि गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला कोणी किती दिले त्याचा हिशेब, हे सगळे त्याच वहीत आहे.

या वहीत १९८२ साल कसे दिसते ते मला मुद्दाम सांगायचे आहे. गिरणी कामगारांचा संप त्या वर्षी १८ जानेवारीला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, हे आपण सगळ्यांनी वाचलेले आहे. वहीत जानेवारीचा रकाना नेहमीसारखा आहे. फेब्रुवारीत काही नावांपुढे ‘बाकी’ लिहिले आहे. पुढे एकेका वाडीतले सगळेच्या सगळे ‘गावी’ होत जातात, आणि पावसाळ्यापर्यंत पानभर तोच एक शब्द खाली खाली उतरत जातो. काही नावे पुढच्या वर्षी परत येतात, काही कधीच येत नाहीत. संपावर मी बरेच काही वाचले आहे, परंतु आमच्या गावातला कोणता माणूस कोणत्या महिन्यात हरला हे मला त्या वहीखेरीज दुसरीकडे कुठेही वाचायला मिळाले नसते.

सरकारी दप्तरातही काही सापडत नाही असे नाही. फक्त कुठे पाहायचे हे ठाऊक असावे लागते. गावोगावी कोतवालाकडे जन्ममृत्यूची नोंदवही असे, तिला कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ म्हणतात. मुंबईत काम करणाऱ्याच्या मुलांचे जन्म आपण त्याच्या गावच्या वहीत शोधतो आणि ते मिळत नाहीत, कारण पहिल्या बाळंतपणाला बाई माहेरी जात असे. म्हणून शोध आजोळच्या गावापासून सुरू करावा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडण्याचे कारण असते; ‘मुंबईस गेला’ हे कारण आढळले तर स्थलांतराचे वर्ष तिथेच हाती लागते. जमिनीचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, तर फारच उपयोगी. बाप वारल्यावर वारसांची नावे चढतात, आणि ठाण्यासारख्या काही जिल्ह्यांतले जुने फेरफार महसूल खात्याने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले असल्यामुळे तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालण्याचे काम थोडे कमी झाले आहे. अर्थात ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याला या सगळ्याचा काही उपयोग नाही, आणि मुंबईला आलेल्यांत असे लोक थोडेथोडके नव्हते.

स्त्रियांचा शोध याहून कठीण आहे. लग्नात आडनाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही बदलते, आणि १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या वारसनोंदींत मुलींची नावे सहसा येत नाहीत. त्या कायद्यानंतर मुलींना वाटा मिळू लागला, आणि लगोलग भावांनी बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घ्यायला सुरुवात केली. माझ्या आजीच्या चारही बहिणींची सासरची पूर्ण नावे, नवऱ्यांची नावे आणि गावे मला सापडली ती अशाच एका हक्कसोडपत्रात. ज्या कागदाने त्यांचा वाटा गेला, त्याच कागदावर त्यांचे नाव पहिल्यांदा धड लिहिले गेले. त्यातली एक गिरणीत वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात होती असे घरात सांगत. त्या खात्यात बायकांवर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत आणि आमची ही मावशीआजी काही काळ नायकीण होती, असेही सांगत. त्याला आधार देणारा एकही कागद मला मिळालेला नाही.

माझ्या सासरची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नवी मुंबईतल्या हजारो घरांची आहे. सासरे पाटण तालुक्यातले, मशीद बंदरला माथाडी कामाला होते. १९६९चा माथाडी कायदा होण्यापूर्वी हमालाचे नाव व्यापाऱ्याच्या वहीतही नसे. टोळीच्या मुकादमाला पैसे मिळत आणि तो वाटून देई. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून तो कायदा आला, माथाडी मंडळे झाली, कामगाराची नोंदणी झाली, त्याला क्रमांक मिळाला, टोळी क्रमांक मिळाला, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि भविष्य निर्वाह निधी कापला जाऊ लागला. पुढे कांदा-बटाट्याचा बाजार १९८१मध्ये वाशीला आला, त्यामागून इतर बाजार आले आणि सासऱ्यांचे बिऱ्हाड कोपरखैरण्याला. नोंदणी झाल्यापासूनच्या त्यांच्या कामाची वर्षे आम्हाला महिन्यागणिक सांगता येतात, त्याआधीची अंदाजाने भरावी लागतात. मजुराचे नाव लिहून ठेवण्याची सक्ती कायद्याने मालकावर केली, तिथून पुढे त्याच्या नातवंडांना तो सापडतो. याच नवी मुंबईसाठी १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन संपादनासाठी निश्चित झाली. त्या भूसंपादनाच्या निवाड्यांत खातेदारांची नावे आहेत, परंतु मिठागरांवर रोजंदारी करणाऱ्यांची आणि दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्यांची नावे शोधायला गेले तर हात रिकामेच राहतात.

गिरणी कामगारांच्या बाबतीत एक मोठी गोष्ट जवळजवळ नकळत घडली आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाच्या घरांसाठी अर्ज करता आला, आणि लाखाहून अधिक अर्ज आले. पात्रता सिद्ध करण्यासाठी ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयचा क्रमांक, रजेच्या नोंदवहीचा उतारा, हजेरीपत्र, पगाराची पावती असे कागद मागितले गेले, म्हणून घराघरांतल्या पेट्या उघडल्या गेल्या. गिरणगावातल्या माणसांचा एवढा मोठा दप्तरखाना ठरवूनही कोणी उभा केला नसता. परंतु त्याकडे आपण केवळ घराचा पुरावा म्हणून पाहिले. ज्यांना घर मिळाले त्यांनी कागद फाइलीत घालून माळ्यावर टाकले, आणि ज्यांना मिळाले नाही त्यांतले पुष्कळजण ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोर्चाला घेऊन जातात.

कारखान्यांच्या दप्तराविषयी तर लिहावे तेवढे थोडे. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला, जागा विकली गेली, आणि हजेरीपट, अपघातांच्या नोंदी, कामगारांनी भरलेली नामनिर्देशनपत्रे हे सगळे वजनावर भंगारवाल्याकडे गेले. नामनिर्देशनपत्रात कामगाराच्या बायकोचे, मुलांचे, आईवडिलांचे नाव, नाते आणि वय असते. वंशावळीला याहून अधिक काय लागते? घोडबंदर रस्त्यावर आणि वागळे इस्टेटीत जिथे जिथे कारखान्याच्या जागी टॉवर उभा राहिला, तिथे असेच काही झाले असणार.

२०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे आणि मोडीतले बांधीव दस्त राज्यभर बाहेर निघाले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे, की जात सिद्ध करण्यासाठी जी यंत्रणा काही महिन्यांत कामाला लागते, तिने उघडलेल्या वह्या पुन्हा गाठोड्यात बांधण्याआधी सरसकट स्कॅन कराव्यात. त्यांत एका समाजाचीच नव्हे, गावातल्या सगळ्यांच्याच पूर्वजांची नावे आहेत.

आता आपल्या शहरांविषयी. ठाण्याच्या किसननगरात समूह विकास योजनेचे काम सुरू झाले आहे, मुंबईत बीडीडी चाळींच्या जागी टॉवर येत आहेत, आणि आपल्या आजूबाजूच्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. मी त्याच्या विरोधात नाही. गळक्या खोलीत राहणाऱ्याला पक्के घर मिळावे, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण घर रिकामे करताना सर्वांत आधी माळा रिकामा होतो, आणि माळ्यावरची पेटी संक्रमण शिबिराच्या खोलीत मावत नाही. गावकीच्या खोल्याही आता विकल्या जात आहेत आणि त्यांच्या वह्या ज्या चिटणीसांच्या घरी आहेत ते सत्तरी-ऐंशीतले आहेत. दहा वर्षांनी या वह्या मागायला कोणाकडे जायचे हेही कळणार नाही.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभे आहे आणि मराठी पुस्तकांचा एवढा मोठा ठेवा त्याने सांभाळला आहे. माझा त्या संस्थेशी वाचक यापलीकडे संबंध नाही, तरीही सुचवावेसे वाटते, की या संस्थेने किंवा ठाणे व नवी मुंबई या महानगरपालिकांच्या वाचनालयांनी गावकीच्या वह्या, खाणावळींच्या खतावण्या, कामगार संघटनांची इतिवृत्ते आणि मनीऑर्डरची कुपने स्वीकारण्याची सोय करावी. मूळ कागद द्यायचे नसतील तर छायाचित्रे काढून ते परत करावेत. आताच्या मोबाइलवर हे काम चांगले होते. पुनर्विकासाच्या करारनाम्यापूर्वी सोसायट्यांच्या ज्या सभा होतात, त्यांत एक सूचना एवढीच द्यावी की जुने कागद रद्दीत देण्यापूर्वी वाचनालयाला कळवा. एक काळजी मात्र घ्यायला हवी. या वह्यांत उधाऱ्या आहेत, दंड आहेत, कोणाच्या घरातली भांडणे आहेत, आणि त्या माणसांची नातवंडे आपल्या शेजारी राहतात. त्यामुळे सगळेच सरसकट इंटरनेटवर टाकणे योग्य होणार नाही. शोध घेणाऱ्याला वाचनालयात बसून पाहू द्यावे, आणि वही देताना तिच्यातली वर्षे, गाव, वाड्या आणि खोलीचा पत्ता एका कागदावर लिहून सोबत जोडावा, म्हणजे पुढे ती कोणाची हे शोधत बसावे लागणार नाही.

आमच्या मंडळापुढे मी हा विषय मांडला आहे. उधारीची पाने वगळून बाकीच्या वह्यांची छायाचित्रे काढायला बहुतेक सभासदांची हरकत नाही, आणि वह्या ज्यांच्या घरी आहेत त्यांची इमारत दिवाळीनंतर पाडायला घेणार असल्यामुळे त्याआधीच हे काम उरकून घ्यायचे ठरले आहे. इतर गावांच्या मंडळांकडे अशा वह्या असतील तर त्यांनी आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारातून गावाचे नाव आणि वह्यांची वर्षे एवढे जरी कळवले, तरी आजोबांचे नाव कुठे शोधायचे हे पुष्कळांना समजेल.

आपली,
एक वाचक
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)